घंटी वाजली तर उठायचं कुणी? कंपनीच्या सुरक्षेतलं नवं तंत्रज्ञान, सोप्या भाषेत

९ एप्रिल २०२५ पासून देशात नवा सीसीटीव्ही कॅमेरा विकायचा, तर त्याची सायबर सुरक्षा सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावी लागते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले. या दोन बातम्यांमुळे हिंजवडी, चाकण, ऐरोली, वेर्णा अशा ठिकाणच्या कंपन्यांमध्ये जुनी यंत्रणा बदलण्याची चर्चा सुरू आहे. चेहरा ओळखणारी गेटं, ‘एआय’ कॅमेरे, मोबाइलवर उघडणारी दारं अशी कोटेशनं टेबलावर येतात. सही करायची असते ॲडमिन किंवा एचआरच्या माणसाला. त्याला लेखापरीक्षण कळतं, कामगार कायदा कळतो, पण ‘रीडर ओएसडीपी हवा की विगँड’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते कळत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि त्या गेटातून रोज आत-बाहेर करणाऱ्यांसाठीही.

सुरक्षेची तीन कामं

कुठल्याही इमारतीची सुरक्षा तीन कामांवर उभी असते: चाहूल लागणं, अडवणं आणि पोहोचणं. कॅमेरा, सेन्सर, कुत्र्याचं भुंकणं ही चाहूल. कुंपण, दार, कुलूप ही अडवणूक. गार्ड, सुपरवायझर, पोलिस हे पोहोचणारे.

गणित साधं आहे. चाहूल लागल्यापासून चोराला आत शिरून माल उचलायला जितका वेळ लागतो, त्याच्याआधी तुमचा माणूस तिथे पोहोचला पाहिजे. समजा, मागच्या कुंपणाची जाळी कापून गोदामाच्या शटरपर्यंत यायला दोन मिनिटं लागतात, शटर उचकटायला आणखी तीन. पुढच्या गेटवरून गार्डला तिथवर चालत जायला सात मिनिटं लागत असतील, तर कॅमेरा कितीही भारी लावला तरी हाती फक्त चोरीचं चित्रीकरण येईल. तिथे पैसे शटरच्या कुलपावर खर्च करायचे, किंवा रात्री एका गार्डची जागा मागच्या बाजूला हलवायची. म्हणून खरेदीची सुरुवात कॅटलॉगने करू नये. घड्याळ लावून गार्डला प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणापर्यंत चालत पाठवावं आणि मिनिटं लिहून काढावीत. एका दुपारचं काम आहे, त्याला खर्च काही नाही, आणि बहुतेक चुकीच्या खरेद्या तिथेच थांबतात.

कॅमेऱ्याला दिसतं किती?

‘चार मेगापिक्सेल’ या शब्दाने बरीच दिशाभूल होते. महत्त्व आहे ते समोरच्या एका मीटर रुंदीत किती पिक्सेल पडतात याला. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात वर्षानुवर्षं वापरात असलेले आकडे असे: कुणीतरी आलंय एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला २५०.

आता १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा घ्या. १९२० भागिले २५०, म्हणजे जेमतेम साडेसात मीटर. इतक्याच रुंदीत तो अनोळखी चेहरा पटवण्याजोगा टिपतो. तोच कॅमेरा तीस मीटर रुंदीच्या पार्किंगवर लावला, तर मीटरला ६४ पिक्सेल पडतात. शर्टाचा रंग दिसेल, माणूस कोण ते कळणार नाही. चोरीनंतर फुटेज पाहताना ‘झूम करा’ म्हणणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. जे पिक्सेल टिपलेच गेले नाहीत, ते नंतर कुठलंही सॉफ्टवेअर खात्रीलायकपणे आणून देऊ शकत नाही. उपाय असा की, पार्किंगवर एक रुंद नजरेचा कॅमेरा ठेवायचा आणि जिथून प्रत्येकाला जावंच लागतं अशा अरुंद जागी, म्हणजे बूम बॅरियर, जिना, लिफ्टची लॉबी इथे, चेहऱ्याच्या उंचीला जवळ जाणारा दुसरा.

साठवणुकीचाही हिशेब करून ठेवावा. सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने रेकॉर्ड करणारा कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतो, तीस दिवसांत १.३ टीबी. शंभर कॅमेऱ्यांना १३० टीबी, आणि डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी म्हणून लागणारी जादा जागा वेगळी. कोटेशनमध्ये तीस दिवस लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात अकराव्या दिवशी जुनं पुसलं जातं, असं घडतं ते हा गुणाकार कुणी न केल्यामुळे.

आणखी एक बिघाड सांगायलाच हवा, कारण तो शोधताना लोक आठवडे घालवतात. दिवसा नीट चालणारे कॅमेरे संध्याकाळी सातनंतर एकामागून एक बंद पडून पुन्हा सुरू होतात. कॅमेऱ्यात दोष नसतो. नेटवर्कच्या तारेतूनच कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या स्विचची एकूण क्षमता मर्यादित असते. अंधार पडला की प्रत्येक कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि स्विच काही पोर्टांची (तार जोडायच्या खाचांची) वीज तोडतो. २४ पोर्टचा स्विच घेताना प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट धरून ३७० वॅट मिळतील का, हे विचारावं. बऱ्याच स्वस्त स्विचमध्ये ते मिळत नाहीत.

‘एआय’ इथे नेमकं काय करतं?

या क्षेत्रात एआय म्हणजे बहुतांशी व्हिडिओ ॲनालिटिक्स: चित्रातला आकार माणूस आहे, गाडी आहे की कुत्रा, हे ठरवून, आखून दिलेली रेघ कुणी ओलांडली की सूचना देणारं सॉफ्टवेअर. काम उपयुक्त आहे. भिंतभर स्क्रीनकडे टक लावून बसलेल्या माणसाचं लक्ष तासभरही टिकत नाही. बारा तासांच्या पाळीत ते टिकावं अशी अपेक्षाच अन्यायाची आहे.

अडचण येते खोट्या घंट्यांची. दीडशे कॅमेरे, प्रत्येकाच्या दिवसाला फक्त आठ चुकीच्या सूचना. झाल्या बाराशे. तासाला पन्नास. कंट्रोल रूममध्ये एकच माणूस असेल, तर त्याला प्रत्येक सूचनेसाठी ७२ सेकंद मिळतात, तेही फोन, रजिस्टर आणि गेटपास बाजूला ठेवून. आठवडाभरात तो न बघता ‘ओके’ दाबायला लागतो. त्यात त्याचा आळस नाही. यंत्रणाच अशी लावली आहे की न बघता दाबल्याशिवाय पाळी संपत नाही. आणि खरी घंटी त्याच ढिगाऱ्यात बुडते.

चुकीच्या सूचना येतात कुठून? आपल्याकडे पहिला गुन्हेगार पाऊस. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या इन्फ्रारेड प्रकाशात थेंब पांढरे चमकतात. त्याच उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि जाळं थेट काचेपुढे विणतो. वाऱ्याने हललं की कॅमेऱ्याला वाटतं मोठं काहीतरी सरकलं. मग झाडाच्या सावल्या, हायवेवरच्या हेडलाइट, भटकी कुत्री. उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर लांब वेगळा लावा. मेच्या शेवटी सगळ्या काचा पुसा, फांद्या छाटा. रेघ कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर न आखता आतल्या मोकळ्या पट्ट्यात आखा. लहान आकार वगळण्याची मर्यादा लावा. लांबलचक कुंपणासाठी उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा महाग असतो, पण अंधार त्याला आडवा येत नाही. चेहरा मात्र तो दाखवणार नाही, हे लक्षात असू द्या.

विक्रेत्याच्या वातानुकूलित डेमोवर विश्वास ठेवू नये. तुमच्याच आवारात, तुमच्याच सर्वात वाईट चार जागी, तीस दिवसांची चाचणी मागा. जमल्यास जुलैत. या काळात गार्डला पन्नास वेळा ती रेघ ओलांडायला लावा: दिवसा, रात्री, रेनकोट घालून, छत्री घेऊन, वाकून, सरपटत. पन्नासातून किती पकडले आणि रोज प्रत्येक कॅमेऱ्यामागे खोट्या घंट्या किती वाजल्या, हे दोनच आकडे लिहा. तेच आकडे खरेदीच्या ऑर्डरमध्ये अट म्हणून घाला आणि शेवटचा हप्ता त्याला बांधा.

कार्ड, चेहरा आणि मागोमाग शिरणारे

अजूनही कितीतरी कंपन्यांत गळ्यातलं कार्ड १२५ किलोहर्ट्झवर चालणारं जुनं असतं. ते रीडरजवळ आलं की आपला नंबर उघड्यावर सांगतं. त्या नंबराची नक्कल करणारं यंत्र बाजारात सहज मिळतं आणि नक्कल व्हायला काही सेकंद पुरतात. नंतर आलेल्या मायफेअर क्लासिक कार्डांचं कूटलेखन (एन्क्रिप्शन) संशोधकांनी २००८ मध्येच फोडून दाखवलं. नवी कार्डं घेताना डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ सारखी घ्यावीत.

कार्ड बदलून काम संपत नाही. रीडरपासून, दार उघडायचं की नाही ते ठरवणाऱ्या आतल्या पॅनलपर्यंत जाणारी तार बहुतेक ठिकाणी विगँड पद्धतीची असते. त्या तारेतून नंबर उघडाच जातो. भिंतीवरचा रीडर दोन स्क्रू काढून सोडवला आणि मागे छोटंसं सर्किट जोडलं, की प्रत्येकाचा नंबर टिपता येतो. ओएसडीपी ही नवी पद्धत त्यावर उपाय आहे, पण तिचा ‘सिक्युअर चॅनल’, म्हणजे नंबर कूटलेखन करून पाठवण्याची सोय, सुरू केला तरच. बसवणारे घाईत तो बंदच ठेवतात. हॅन्डओव्हरच्या दिवशी तो सुरू असल्याचं स्क्रीनवर दाखवायला सांगा.

आता चेहऱ्याकडे येऊ. इथे दोन अगदी वेगळी कामं एकाच नावाने विकली जातात. लग्नाच्या मांडवाबाहेर कुणी एक चप्पल दाखवून ‘ही तुमचीच ना?’ असं विचारणं सोपं. हजार जोडांच्या ढिगाकडे बोट दाखवून ‘ही यातल्या कुणाची?’ हे फार अवघड, कारण सारखी दिसणारी एखादी निघणारच. कार्ड दाखवून मग चेहरा दाखवला, तर यंत्र पहिलं काम करतं. नुसता चेहरा दाखवला, तर दुसरं.

फरक किती? समजा, एका तुलनेत चुकण्याची शक्यता लाखात एक आहे. कार्डासोबत चेहरा असेल तर परक्या माणसाला फसवून आत शिरण्याची संधी लाखात एकच राहते. नुसत्या चेहऱ्यावर चालणाऱ्या गेटात पाच हजार कर्मचाऱ्यांचे चेहरे असतील, तर यंत्र पाच हजार तुलना करतं आणि तीच शक्यता सुमारे पाच टक्क्यांवर जाते. म्हणजे वीस परक्यांनी प्रयत्न केला तर सरासरी एक जण कुणाच्या तरी नावाने आत. मुख्य गेटवर हे चालून जाईल. सर्व्हर रूम, रोकड किंवा औषधांच्या साठ्याच्या दाराला चालणार नाही. तिथे कार्ड आणि चेहरा दोन्ही हवेत. मोबाइलवरचा फोटो दाखवून गेट उघडतं का, हेही स्वतः करून बघावं. चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजणारा किंवा इन्फ्रारेड सेन्सर नसलेली स्वस्त यंत्रं इथे नापास होतात.

वेग हा मुद्दा नेहमी विसरला जातो. पाळी बदलताना अर्ध्या तासात १२०० माणसं चार गेटांतून जायची असतील, तर एका माणसाला सहा सेकंद मिळतात. गेट पूर्वेकडे तोंड करून असेल आणि सकाळचा सूर्य येणाऱ्यांच्या पाठीमागून कॅमेऱ्यात येत असेल, तर सहाचे आठ सेकंद सहज होतात. आठ सेकंदांना अर्ध्या तासात ९०० माणसं जातात. उरलेली ३०० रांगेत. पाच मिनिटांत आरडाओरड होते आणि गार्ड बाजूचं मोठं फाटक उघडतो. त्या दिवसापासून ते रोजच उघडं राहतं. गेटाची दिशा, वर छत, गेटांची संख्या हे बांधकामाचे प्रश्न सॉफ्टवेअरच्या आधी सुटायला हवेत.

आणि कुठलंही कार्ड, कुठलाही चेहरा, एकामागोमाग शिरणाऱ्या दुसऱ्या माणसाला थांबवत नाही. आपल्याकडे मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवणं हा सौजन्याचा भाग आहे. ते मोडायला सांगून उपयोग नाही. जिथे खरंच महत्त्वाचं आहे तिथे एका वेळी एकच जाईल असं फ्लॅप बॅरियर लावावं, इतर ठिकाणी दार तीस सेकंदांहून जास्त उघडं राहिलं की तिथल्या तिथे बझर वाजावा. कंट्रोल रूममधल्या बझरपेक्षा दारातल्या बझरने जास्त फरक पडतो.

आग लागली तर दार उघडेल का?

चुंबकीय कुलपाचा नेहमीचा प्रकार सुमारे २७० किलोच्या ओढीला दाद देत नाही. धुराने भरलेल्या मजल्यावर असं दार बंद राहिलं तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून हे कुलूप वीज गेली की उघडणारं असतं.

इथे एक जीवघेणी चूक घडते. दाराच्या पॅनलला बॅटरी असते. इमारतीची वीज गेली तरी बॅटरी कुलपाला वीज देत राहते आणि दार बंदच राहतं. त्यामुळे आगीच्या अलार्म पॅनलचा रिले (वीज तोडणारा स्विच) बॅटरीच्या पुढे, कुलपाच्या तारेतच बसला पाहिजे, म्हणजे अलार्म वाजला की कुलपाची वीज थेट तुटेल. ‘सॉफ्टवेअर सगळी दारं उघडेल’ हे उत्तर स्वीकारू नका. आगीत सर्व्हर आणि नेटवर्क टिकेलच असं नाही. शिवाय बाहेर पडायच्या बाजूला कार्डाची सक्ती नसावी, फोडली की दार उघडणारी हिरवी आणीबाणीची पेटी असावी, आणि वर्षातून दोनदा खरोखर अलार्म वाजवून प्रत्येक दार हाताने ढकलून बघावं.

कॅमेराच चोरवाट झाला तर?

ही भीती काल्पनिक नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता, हीच त्याची चावी. त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये, इंटरनेटवर साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि काही तास ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडता आल्या नाहीत. मार्च २०२१ मध्ये व्हरकाडा या अमेरिकी कंपनीच्या क्लाउडवरचे दीड लाखांच्या आसपास कॅमेरे घुसखोरांना उघडे मिळाले. त्यात रुग्णालयं होती, कारखाने होते.

लेखाच्या सुरुवातीला उल्लेख केलेला कॅमेऱ्यांच्या तपासणीचा नियम यासाठी आहे. त्यात कॅमेऱ्याचं खोकं कुणी उघडू नये यासाठीची सोय, पासवर्ड, कूटलेखन, सॉफ्टवेअरचे अपडेट आणि आतल्या चिपचा उगम तपासला जातो. मात्र प्रमाणपत्र मिळालेला कॅमेराही ऑफिसच्या संगणकांच्याच नेटवर्कवर जोडला आणि पासवर्ड साऱ्या आवाराला एकच ठेवला, तर फायदा उरत नाही. कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा ठेवा, विक्रेत्याला दुरून लॉगिन हवं असेल तर ते कामापुरतं उघडा आणि बंद करा. गेटबाहेरच्या खांबावरच्या कॅमेऱ्याची तार उपसून कुणी लॅपटॉप लावला तर पोर्ट आपोआप बंद व्हावा, ही सोय बहुतेक चांगल्या स्विचमध्ये असते, फक्त सुरू करावी लागते. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घुसखोरी कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. रात्री तीन वाजता हा फोन कोण करणार, त्याचं नाव लिहून ठेवलेलं असावं.

‘आमच्यावर पाळत ठेवताय’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ नुसार, नोकरीच्या कामासाठी किंवा कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरता येते. पण ही मुभा कर्मचाऱ्यांबाबत आहे. कामानिमित्त येणारा पाहुणा, कुरिअरवाला, मुलाखतीला आलेली मुलगी यांना ती लागू होत नाही. रिसेप्शनवरच्या टॅबलेटवर त्यांच्या आधारचा फोटो घेऊन तो वर्षानुवर्षं ठेवायचा, हे पुढे महागात पडू शकतं. माहिती नीट न सांभाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुख्य तरतुदी नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांनी लागू होतात. हा वेळ तयारीसाठीच दिला आहे.

कायद्याच्या पलीकडची गोष्ट विश्वासाची. चोरी थांबवायला लावलेला कॅमेरा चहाच्या सुट्टीची मिनिटं मोजायला वापरला, तर कर्मचारी त्याच्यापासून लपायला शिकतात, आणि संशयास्पद काही दिसलं तरी कळवत नाहीत. सुरक्षेला यापेक्षा मोठं नुकसान दुसरं नाही. म्हणून फुटेज कशासाठी वापरलं जाईल, कोण बघू शकेल, किती दिवस राहील, हे तीन मुद्दे मराठीत आणि हिंदीत एका पानावर लिहून नोटीस बोर्डावर लावा. ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याच्यासाठी कार्ड आणि पिनची सोय ठेवा.

‘मग गार्ड कशाला?’

कॅमेऱ्याच्या खर्चाचं समर्थन म्हणून कोटेशनमध्ये ‘सहा गार्ड कमी होतील’ असं लिहिलेलं असतं. तीन कामं आठवा. यंत्राने चाहूल सुधारली. पोहोचायला माणूसच लागतो, आणि सूचना वाढल्या तर पोहोचण्याचं काम वाढतं. गार्डची संख्या कधी कमी करता येते, तर जिथे तो फक्त बघत उभा होता. ते वाचलेले गार्ड फिरत्या पथकात घातले तर सात मिनिटांची चार होतात. खर्च तोच राहतो, सुरक्षा वाढते.

गार्डला यंत्रासमोर बसवायचं असेल तर त्याला शिकवायला हवं, आणि अर्ध्या तासाच्या ‘ट्रेनिंग’ने ते होत नाही. सूचना आल्यावर करायची कामं त्याच्या भाषेत पाच-सहा ओळींत, स्क्रीनशेजारी चिकटवलेली असावीत: काय बघायचं, कुणाला फोन, तीन मिनिटांत उत्तर आलं नाही तर पुढचा फोन कुणाला. आठवड्यातून एकदा न सांगता खोटी घुसखोरी करून वेळ मोजावा. कंत्राटदार बदलला की शिकलेली माणसंही बदलतात. कंत्राटात कंट्रोल रूमचे लोक किमान वर्षभर टिकतील आणि त्यांना त्या कामाचा जादा भत्ता मिळेल, अशी अट घालणं कंपनीच्याच हिताचं आहे.

फुटेज कोर्टात टिकेल का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची ‘हॅश’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला आकडा. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. त्यामुळे मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ तपासाला धागा देईल, मूळ पुराव्याची जागा घेणार नाही. मूळ फाइल यंत्रातून काढून, तिची हॅश त्याच क्षणी नोंदवून, दोन प्रतींत ठेवावी लागते. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच सर्व्हरशी जुळलेली असावी लागतात. गेटचा कॅमेरा ११:४० दाखवतो आणि गोदामाचा ११:५२, तर बचाव पक्षाचा वकील तिथूनच सुरुवात करेल. पोलिस बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. तोवर जुनं पुसलं जाऊ नये म्हणून ते फुटेज लगेच लॉक करावं लागतं. हा अधिकार रात्रपाळीतल्या किमान एका लॉगिनला दिलेला असावा.